अरविंदचा निरोप

गुरुवारी संध्याकाळी, एसटीडी-फॅक्सचा बूथ चालवणारा अन्वर बागवान सायकल स्टँडवर न लावता तशीच भिंतीला टेकवून आत आला. मी सोप्यात बसून दुसऱ्या दिवशीचा धडा काढत होतो. शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. अन्वरच्या मागे महादेव दिवटे आणि त्यांची बायको शेवंताबाई होत्या. महादेव कारखान्यातून तसेच आले होते. केसांत, भुवयांवर सुताची पांढरी कणी बसलेली.

"सर, इंग्लंडवरनं फॅक्स आलाय," अन्वर म्हणाला. "दुपारी एका बाईचा फोन आला हुता. काय बोलती ते मला एक अक्षर कळंना. मी म्हटलं, मॅडम, फॅक्स, फॅक्स. मग हे आलं. दोन कागद आल्यात, पर पहिला सगळा काळाच निघाला."

त्यानं दोन्ही कागद माझ्या हातात दिले. पहिल्यावर वरून खालपर्यंत काळा पट्टा. दुसऱ्यावर हातानं लिहिलेल्या चार-पाच ओळी, खाली सही आणि फोन नंबर. अक्षर गोल, सुंदर.

अरविंद हा दिवट्यांचा एकुलता एक मुलगा. माझा विद्यार्थी. विट्यासारख्या गावात, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेलं पोर सरकारी शिष्यवृत्ती मिळवून वस्त्रोद्योगाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेलं, तेव्हा शाळेनं त्याचा सत्कार केला होता आणि त्या सत्कारात त्यानं भाषणभर माझंच नाव घेतलं होतं. 'शिंगारे सरांनी मला इंग्रजी दिलं,' असं तो म्हणाला होता. मी तेव्हा चौदा वर्षं इंग्रजी शिकवत होतो. इंग्रजी क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडला की त्याचा अर्थ कसा पालटतो, याची माझी एक जाड वही होती. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी. तालुक्यातले दुसरे शिक्षक ती उतरवून न्यायचे.

"काय लिवलंय, सर?" शेवंताबाईंनी विचारलं. त्या उंबऱ्यापाशी उभ्याच होत्या. "त्यो बरा हाय न्हवं?"

मी एकदा मनातल्या मनात वाचलं. मग हसलो.

"बसा आधी. पेढे आणा म्हणतो मी. अरविंद पास आउट झाला!"

"म्हंजी?"

"परीक्षा पास झाला. शिक्षण पुरं करून बाहेर पडला. मंगळवारी, शेवटचा पेपर दिल्यावर लगेच. तो ज्यांच्या घरी राहतो त्या प्रॉक्टरबाईंनी कळवलंय."

महादेव खाली बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नुसते तिच्याकडं बघत राहिले. अन्वर म्हणाला, "माशाल्ला!"

"आणखी ऐका," मी म्हणालो. मला स्वतःच्या आवाजाचीच गोडी लागली होती. "त्याला तिथंच ठेवून घेतलंय, असं लिहिलंय. म्हणजे नोकरीसुद्धा लागलेली दिसते. आणि आज सकाळी तो बाईंकडं येऊन गेला, आईची चौकशी केली त्यानं."

"माजी?" शेवंताबाई म्हणाल्या. "त्या बाईकडं माजी कशापायी चौकशी करंल? तिला काय ठावं माजं?"

"अहो, आठवण काढली असेल. सहज."

"आन फोनचं काय? त्यो नंबर कसला?"

"फोन करा म्हणतात. तो पुन्हा कुठं जायच्या आत करा. मित्रांबरोबर कुठं फिरायला वगैरे जाणार असेल. परीक्षा संपलीय ना."

"मग लावूया की आताच," अन्वर म्हणाला. "तिकडं आता दुपार आसंल. चला, बूथ उघडाच हाय."

शेवंताबाईंनी लगेच पदर खांद्यावरून ओढून घेतला. पायांत चपला अडकवल्यासुद्धा. मला अजून तो आवाज आठवतो, फरशीवर टाच घासल्याचा. आणि मी म्हणालो, "कशाला घाई? रविवारी तो नेहमीसारखा फोन करीलच. पोरगं वर्षभर खपलंय, चार दिवस हिंडू दे. स्वतःच्या तोंडानं सांगायची हौस असेल त्यालाही. तुम्ही आधी रेवणसिद्धाला जाऊन या."

"सर म्हंत्यात ते बरोबर हाय," महादेव म्हणाले. "आधी देव."

शेवंताबाई माझ्या हातातल्या कागदाकडं बघत होत्या. "मला नुसता आवाज आयकायचा हुता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चपला काढल्या.

शुक्रवारी दोघं रेणावीला रेवणसिद्धाच्या देवळात जाऊन आली. महादेवांनी कारखान्यात पेढे वाटले. शनिवारी त्यांनी शाळेत येऊन पेढे दिले, मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर अरविंदचं नाव घेतलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नववीच्या वर्गात फळ्यावर 'पास आउट' हे दोन शब्द लिहिले आणि त्यांचा अर्थ लिहून घ्यायला लावला. अन्वर त्या दोन दिवसांत मेहुणीच्या लग्नाला सांगलीला गेला होता. बूथ बंद होता.

अरविंदचा फोन दर रविवारी पाच वाजता यायचा. त्या रविवारी आम्ही साडेचारलाच बूथवर जाऊन बसलो. शेवंताबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. अन्वरनं सगळ्यांना चहा सांगितला. पाच वाजले, सव्वापाच झाले. फोन वाजला की सगळे उठायचे, आणि तो कुणा गलाईवाल्याचा मद्रासहून नाहीतर कटकहून असायचा. विट्याची निम्मी माणसं परगावी सोनं गाळायला गेलेली. ती बोलून होईपर्यंत महादेव घड्याळ बघत राहायचे.

सहा वाजता शेवंताबाई म्हणाल्या, "सर, आपुनच लावूया. त्यो नंबर हाय न्हवं?"

मी काचेच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं. बाहेर तिघं उभे, माझ्याकडं बघत. अन्वरनं नंबर जोडून दिला. चार-पाच वेळा वाजल्यावर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

मी माझं नाव सांगितलं, अरविंदचा शिक्षक म्हणून सांगितलं. बाई एकदम म्हणाल्या, "अरे देवा, किती वेळा फोन लावला मी! कुणी उचलतच नव्हतं."

मी म्हणालो, "मॅडम, आम्ही सगळे फार आनंदात आहोत. त्याचे आईवडील इथं माझ्याबरोबर आहेत. अरविंदला जरा बोलवाल का?"

पलीकडं काहीच नाही. मला वाटलं, लाइन तुटली. मी 'हॅलो, हॅलो' केलं. मग बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "शुक्रवारी रात्री ही स्लिप्ड अवे."

न सांगता निघून गेला, असं मला वाटलं. माझ्या वहीत तसाच अर्थ होता. मी काचेतून शेवंताबाईंकडं बघून हसलो आणि हातानं 'थांबा' अशी खूण केली. मग फोनमध्ये विचारलं, "कुठं गेला, मॅडम? परत कधी येणार?"

बाई रडायला लागल्या. "ही इज डेड, लव्ह," त्या म्हणाल्या. "तुमचा अरविंद मेला."

पुढचं सगळं त्या रडत रडत सांगत होत्या आणि मी कान घट्ट दाबून ऐकत होतो. मंगळवारी शेवटच्या पेपरनंतर अरविंद परीक्षेच्या इमारतीबाहेर पायऱ्यांवर बेशुद्ध होऊन पडला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. दवाखान्यात नेलं, तिथं भरती करून ठेवलं. गुरुवारी सकाळी तो शुद्धीवर आला. बोलत होता. आई पाहिजे म्हणत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा शुद्ध जाईल, केव्हाही जाईल, घरच्यांना बोलू द्या. म्हणून बाईंनी फोन केला. फोनवरच्या माणसाला काही कळेना, म्हणून दोन पानं लिहून पाठवली. पहिल्यावर दवाखान्याचं नाव, आजाराचं नाव. दुसऱ्यावर मी वाचलं ते.

"मी लिहिलं होतं ना," त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "ही पास्ड आउट. दे केप्ट हिम इन. ही केम राउंड. मी लिहिलं होतं, तो आईला मागतोय. शुक्रवारी दिवसभर आम्ही त्याच्या खाटेशी फोन आणून ठेवला होता. तो त्या फोनकडं बघत होता. तुम्हाला मिळालं नाही का?"

मी म्हणालो, "नाही. नाही मिळालं."

मी रिसीव्हर ठेवला. दार उघडलं तर शेवंताबाई अगदी दारातच होत्या. त्यांनी रिसीव्हरसाठी हात पुढं केला होता.

"ठिवला व्हय?" त्या म्हणाल्या. "मला द्यायचा हुता की."

"शेवंताबाई, अरविंद गेला."

"कुठं गेला?"

मला 'मेला' हा शब्द उच्चारता येईना. महादेवांना आधी कळलं. ते भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसले. अन्वरनं बूथचं शटर अर्ध्यावर ओढलं.

"कागदात तर बरं लिवलं हुतं," महादेव म्हणाले. "सर, कागदात तर पास झालाय म्हणून हुतं."

"हो," मी म्हणालो. "पास झाला. त्यानंतर अचानक झालं. शुक्रवारी. कुणाला काही कळायच्या आत."

ते वाक्य मी ठरवून बोललो नाही. तोंडातून गेलं. पण एकदा गेल्यावर ते तिथं उभं राहिलं आणि मग मला रोज त्याला टेकू देत बसावं लागलं.

त्या रात्री घरी आल्यावर मी शब्दकोश काढला. माझ्याकडं तो होता. अकरा वर्षं फळीवर होता. मी वही करताना त्यात बघितलं नव्हतं असं नाही, पण या दोन शब्दांसाठी कधी बघावंसं वाटलंच नव्हतं. 'अमुक कॉलेजातून पास आउट' असं आपल्याकडं कलेक्टरसुद्धा म्हणतो, वर्तमानपत्रात छापून येतं. त्यात बघायचं काय? कोशात पहिला अर्थ होता, शुद्ध हरपणे. बाकीचेही मी एकेक करून काढले. केप्ट इन म्हणजे दवाखान्यात ठेवून घेणे, केम राउंड म्हणजे शुद्धीवर येणे. मी तेवढ्यावर पुस्तक मिटलं.

अरविंदचे अंत्यसंस्कार तिकडच्या भारतीय मंडळींनी केले. इकडं आणणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. तीन आठवड्यांनी सुट्टीवर आलेला एक गुजराती विद्यार्थी विट्याला येऊन अस्थी देऊन गेला. त्याच्याबरोबर प्रॉक्टरबाईंचं आईच्या नावानं तीन पानी पत्र होतं. विद्यापीठाचंही एक पत्र आलं. प्रबंध बाकी असल्यामुळं पदवी देता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. ते मी महादेवांना वाचून दाखवलं नाही. म्हणालो, सांत्वनाचं आहे. त्यांनी अरविंदच्या फोटोखाली रंगाऱ्याकडून 'एम. एस्सी., इंग्लंड' असं लिहून घेतलं आणि मला दाखवलं. "बरोबर लिवलंय का बगा, सर. तुमास्नी इंग्रजी कळतंय." मी म्हणालो, बरोबर आहे.

बाईंचं पत्र मात्र टाळता आलं नाही. शेवंताबाई समोर बसल्या, डोळे मिटले. मी पहिलं पान उघडलं. 'त्यानं तुम्हाला शेवटपर्यंत हाक मारली,' असं बाईंनी तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं. मी कागदावर नजर ठेवून दुसरंच वाचत गेलो. तुमचा मुलगा फार गुणी होता. त्या दिवशी सकाळी मी त्याला चहा दिला, तो हसून बाहेर गेला. त्याला काही त्रास झाला नाही. एका क्षणात झालं. कुणाशी बोलायलाही वेळ मिळाला नाही.

"येका क्षणात," शेवंताबाई म्हणाल्या. "म्हंजी मला हाक माराया बी सवड न्हाई मिळाली लेकराला."

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "हाक मारली असती आन मी नसते, तर त्येला कसं वाटलं असतं?"

त्यानंतर दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी, जेवणं झाली की शेवंताबाई ट्रंकेतून ते पत्र काढायच्या आणि माझ्यापुढं ठेवायच्या. महादेव आतल्या खोलीत जाऊन पडायचे, त्यांना ते ऐकवत नसे. मी वाचायचो. दुसऱ्या वर्षी वाटलं, ही शेवटची वेळ. पाचव्या वर्षी माझी बदली संस्थेच्या तासगावच्या शाळेत झाली, तरी मी त्या दिवशी एसटीनं यायचो. न येण्याचा विचारही करवत नव्हता. दुसरं कुणीतरी तो कागद हातात घेईल, या धास्तीनंच मी येत होतो. वाचताना माझे डोळे खऱ्या ओळींवरून जायचे आणि तोंड खोटं बोलायचं.

नवव्या वर्षी मी वाचून पत्राची घडी घातली. शेवंताबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"सर, च्या ऱ्हायला," त्या म्हणाल्या.

"चहा नको. आत्ताच जेवलो."

"तसं न्हवं. पत्रातला. सकाळी च्या दिला आन त्यो हासून भायेर गेला, असं असतंय. औंदा तुमी च्या वाचलाच न्हाई."

मी पत्र पुन्हा उघडलं. "नजरचुकीनं ओळ सुटली असेल."

"गेल्या साली बी येक सुटलं हुतं. त्येच्या आदल्या साली बाग हुती, बाईच्या दारात. ती परत कवा आली न्हाई." आता त्यांनी डोळे उघडले. "मला वाचाया येत न्हाई, सर. पर नऊ साल झाली, मला सगळं पाठ हाय. कागद त्योच हाय. मग दर साली येगळं कसं येतंय?"

मी पत्राची घडी पुन्हा घालायला लागलो.

"काय लिवलंय त्यात?"

मी सांगितलं. फॅक्सपासून सांगितलं. मी काय वाचलं, बाईंनी काय लिहिलं होतं, माझ्या वहीत काय होतं. आपल्याकडं त्याचा अर्थ तसाच होतो, हेही सांगितलं. ते सांगताना मला लाज वाटली, पण मी सांगितलं. मग पत्र उघडून पहिल्यांदाच ते आहे तसं वाचलं. तीन पानं संपायला पुष्कळ वेळ लागला, कारण मधेमधे त्या थांबवत होत्या.

"शुद्धीवर कवा आला?"

"गुरुवारी. आपल्याकडचा दुपारचा सुमार."

"आन गेला?"

"शुक्रवारी रात्री. आपल्याकडं शनिवारची पहाट झाली होती."

त्या बोटं मोजत होत्या. तास मोजत होत्या. "गुरुवारी सांजच्याला मी तुमच्या दारात चपला घालून हुबी हुते."

"हो."

"तवा त्यो बोलत हुता."

"हो."

"शुक्रवारी आमी देवाला गेलो. दुपारी देवळाच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली. तवा?"

"तेव्हाही."

"संध्याकाळी मी शेजारणीकडं गेले. रातीला पोळ्या केल्या." त्या प्रत्येक गोष्टीनंतर माझ्याकडं बघत होत्या आणि मला प्रत्येक वेळी मान हलवावी लागत होती. "रातीला झोपले मी. लई दिसांनी अशी गाढ झोपले हुते. तवा बी त्यो मला हाका मारीत हुता?"

बाईंनी ते लिहिलं होतं. मी मान हलवली.

मला वाटलं, त्या ओरडतील. मला शिव्या देतील. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो. त्यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं, नीट घडी घातली आणि ट्रंकेत न ठेवता चुलीत घातलं. चुलीत अजून निखारे होते.

"ह्यांना सांगू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांना काय बी सांगू नका. त्यो पास झालाय, येवड्यावरच त्ये जगत्यात. त्येंच्यापुढं म्या म्हणीन, सरांनी वाचलं, हाय तसंच हाय."

"शेवंताबाई, माझ्या हातून..."

"आता तुमी येऊ नका, सर. वाचायचं काय ऱ्हायलं न्हाई."

मी उठलो. आतून महादेवांच्या खाटेचा आवाज आला आणि त्यांनी झोपेतल्या आवाजात विचारलं, "काय गं, कोण बोलतंय? काय झालं?"

"काय न्हाई," शेवंताबाई म्हणाल्या. "सर निघाल्यात."